मालाची गाडी, माणसांचे घर

गेल्या महिन्यात रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायरीवर चपला शोधत होतो, तेव्हा वस्तीतली चार-पाच पोरे मोबाईल घेऊन माझ्याभोवती जमली. एकाचा मामेभाऊ अमेरिकेत नोकरीला आहे. त्याने तिकडे माल वाहण्याचा एक बंद ट्रेलर विकत घेतला, आत घडीचा पलंग, पाण्याची टाकी आणि छोटी शेगडी बसवली आणि सुट्टीत बायका-पोरांना घेऊन फिरून आला. त्याचे फोटो मला दाखवून पोरे म्हणाली, "काका, आपणही करू. टेम्पो आहेच. यंदा अशोक विजयादशमीला सगळी आळी नागपूरला आपल्या गाडीतून!"

टेम्पो त्यांच्यापैकीच एकाचा. बंद पत्र्याची ४०७ गाडी, मार्केटयार्डातला माल वाहते, हप्ते अजून चालू आहेत.

वाचक बंधू-भगिनींनो, मी त्यांना तोंडावर नाही म्हटले नाही, त्याला कारण आहे. १९९१ साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, आमची आळी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर ट्रकने गेली होती. तेव्हा द्रुतगती मार्ग नव्हता, बोरघाटातला जुना रस्ता. हौद्यात पेंढा, वर ताडपत्री, फाळक्याला दोरखंड. आम्हा पोरांना मजाच मजा. पुष्कळ वर्षांनी आई बोलता बोलता म्हणाली, की त्या दिवशी दुपारनंतर तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता. ट्रक मध्ये थांबेल याचा भरवसा नाही आणि थांबला तरी बाईमाणसाने जायचे कोठे? शेजारच्या सगळ्या बायकांनी तेच केले होते. आई हे सांगताना हसत होती. मला मात्र त्या प्रवासाची मजा पुन्हा तशी आठवता आली नाही.

म्हणून चाकावरच्या घराचे स्वप्न मला चैनीचे वाटले नाही. पण मी कारकून माणूस, मला आधी कागद दिसतो. अर्धा दिवस रजा टाकून संगम पुलाजवळच्या आर.टी.ओ. कार्यालयात गेलो. तेथील साहेबांनी शांतपणे समजावून सांगितले.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी पुस्तकात गाडीचे जे वर्णन आहे, त्याच्याशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. खिडकी कापली, छत उंच केले, बाके वेल्ड केली, की प्रश्न उभा राहतो. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यात अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. उचलून बाहेर काढता येते अशा सुट्या फळीचे मात्र तसे नाही, ती सामानात धरली जाते. सुटा ट्रेलर घ्यावा म्हटले, तर कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच, त्याचीही नोंदणी लागते.

दंडाचे एक वेळ निभावेल. खरी भीती विम्याची आहे आणि ती आपल्या घरांतून फारशी कोणाला ठाऊक नसते, म्हणून सविस्तर लिहितो. मालवाहू गाडीचा विमा उतरवताना कंपनी मालवाहतुकीचा हप्ता घेते. १९९४ च्या दुरुस्तीने त्या गाडीतून जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांना संरक्षण मिळाले. पण मागे पत्र्यात बसलेली मावशी, तिची सून, नातवंडे ही कोणाच्या मालाची मालक? सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी या खटल्यात स्पष्ट सांगितले, की मालगाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. काही खटल्यांत न्यायालये कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात, पण ती रक्कम मग गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. म्हणजे अपघात झाला, तर आपलेच मेलेले, आपलेच जखमी आणि भरपाई देणारा आपलाच पोरगा, ज्याच्या गाडीचे हप्ते फिटायचे आहेत!

हे ऐकल्यावर पोरे गप्प झाली. मग मी त्यांना तेच अमेरिकेचे फोटो पुन्हा काढायला लावले. त्यांत एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. गाडी चालू असताना त्या ट्रेलरमध्ये कोणीच बसत नाही. सगळे कुटुंब पुढच्या मोटारीत पट्टा लावून बसते. ट्रेलर थांबला, उभा केला, की मग ते घर.

कायदेशीर मार्ग नाही असे नाही. माणसे राहू शकतील अशा मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे आणि गाड्या तपासून प्रमाणित करणारी ए.आर.ए.आय. ही संस्था आपल्याच पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे. राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. पण तो खर्च आपल्या भिशीत बसणारा नव्हे.

शेवटी असे ठरले. माणसे महाराष्ट्र एक्सप्रेसने नाही तर एस.टी.ने जातील. टेम्पोत चालक, त्याचा जोडीदार, स्वयंपाकाची भांडी, अंथरुणे आणि पाणी. सातशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर, म्हणून चालक दोन. नागपुरात गाडी उभी राहिली, की आत सुट्या फळ्यांचे पलंग जोडायचे आणि म्हाताऱ्या बायका व लेकुरवाळ्या यांना रात्री आडवे व्हायला जागा करायची.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लायवूड आणले. पोरांना मी प्रत्येक वस्तूचे वजन वहीत लिहायला लावले. आठ बाय चारची बारा मिलिमीटर जाडीची एक शीट वीस-पंचवीस किलो भरते, म्हणजे चार शीटचा एक क्विंटल. दोनशे लिटर पाण्याचा ड्रम म्हणजे दोन क्विंटल. "पाण्याला कसले वजन!" म्हणणारा पोरगा तो ड्रम हलवायला गेला आणि दोघांना हाका मारत बसला. जड सामान खाली आणि चाकांच्या मध्ये, बांधून. वरच्या फळीवर फक्त अंथरुणे.

उन्हाळ्यात पत्र्याची पेटी कशी तापते ते सांगायला नको. एकाने छताला आतून थर्माकोल चिकटवायचे काढले होते, ते मी थांबवले. ठिणगी पडली तर तो भडकतो आणि त्याचा धूर जीव घेतो. त्याऐवजी टपावर गोणपाट ओले करून टाकायचे आणि झोपताना दार साखळीने अर्धे उघडे ठेवून जाळीचा पडदा लावायचा.

गॅसवरून थोडी वादावादी झाली. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो बंद गाडीच्या तळाशी साठतो आणि नाकाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून सिलिंडर आणि शेगडी दोन्ही बाहेर, ताडपत्रीच्या मांडवात. थंडी वाजली तरी आत कोळशाची शेगडी न्यायची नाही, तिच्यातल्या विषारी वायूला वासही नसतो.

दाराची गोष्ट माझ्या अंगावरची आहे. मापे घेण्यासाठी मी आत शिरलो होतो. कारागिराने बाहेरून दार लोटले आणि कडी आपोआप पडली. तो चहाला निघून गेला. मालाच्या गाडीला आतून कडी नसते, बटाट्याला कशाला हवी? आत मिट्ट काळोख, पत्रा तापलेला. मी पंधरा मिनिटे पत्रा बडवत होतो. बाहेर आलो तेव्हा सदरा पिळून काढण्यासारखा झाला होता आणि पोरे तोंड लपवून हसत होती. मला मात्र आत झोपलेली म्हातारी माणसे आणि तान्ही मुले दिसत होती. त्याच दिवशी आतून उघडणारी कडी बसवून घेतली आणि बाहेरच्या कडीला गाडी उभी असताना अडकवायचा खिळा दिला, म्हणजे ती पडणारच नाही.

हे सगळे झाल्यावर आमच्या आळीतल्या एक आजी गाडी पाहायला आल्या. पलंग दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "बाळा, गादी नसली तरी चालंल. रात्री उठलं तर जायचं कुठं, ते सांग." आम्ही पुरुष मंडळी एकमेकांकडे पाहू लागलो. तीन रविवार खपून पलंग केला आणि जी गोष्ट माझ्या आईने सांगितली होती, तीच माझ्या वहीत नव्हती.

पुण्यात २०१६ पासून पीएमपीएमएलच्या जुन्या बसगाड्यांतून स्त्रियांसाठी 'ती' स्वच्छतागृहे झाली. भंगारात जाणाऱ्या बसमध्ये संडास, हात धुण्याचे भांडे, बाळाचे कपडे बदलायची जागा. गाडी एका ठिकाणी उभी राहायची असली, की किती करता येते ते त्यात दिसते. आमच्याकडे बस नाही. मग आजारी माणसांसाठी मिळते तशी भांडे लावलेली खुर्ची घेतली आणि चार लोखंडी नळ्यांना ताडपत्री शिवून टेम्पोच्या मागच्या दाराला लागूनच खोली केली. बादली झाकणाची. ती रिकामी करण्याची पाळी पुरुषांची, असे बायकांनी ठरवले आणि यादीत माझे नाव पहिल्या रात्रीला आहे.

पुढच्या रविवारी ती खोली किती मिनिटांत उभी राहते ते पाहायचे आहे. हिशोबाची वही विहारात ठेवली आहे, कोणीही पाहावी. फक्त आतल्या कडीचे पैसे तिच्यात सापडणार नाहीत, ते मी माझ्या खिशातून दिले.