शिक्का बदलून गोंगाट कमी होत नाही



आवाजाचा विषय निघाला की लाऊडस्पीकर आणि फटाक्यांचीच चर्चा होते. पण सण संपला की लाऊडस्पीकर थांबतो. भिंतीपलीकडचे यंत्र थांबत नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत यंत्रमाग आणि बिऱ्हाडे एकाच गल्लीत आहेत. तिथल्या माणसाने झोपायचे कधी?

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, औद्योगिक भागात ७५ व ७० अशी मर्यादा आहे. पण घरे आणि कारखाने मिसळलेल्या भागाला कोणत्या वर्गात टाकायचे, हे अधिकारी ठरवणार. 'औद्योगिक' असा शिक्का बसला की रात्रीचे ७० डेसिबल कायदेशीर! आवाज तोच, झोपणारे पोर तेच.

शिवाय दिवसाचा आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबलने वाढल्याशिवाय नागरिकाची तक्रार नियमात बसत नाही. १० डेसिबल म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट. एवढी सूट कोणासाठी?

आणि नियमातला 'दिवस' सकाळी ६ ते रात्री १०. रात्रपाळी करून आलेल्या लोको पायलटची, पॉइंट्समनची, आरएमएसच्या सॉर्टरची रात्र सकाळी सुरू होते, हे नियम लिहिणाऱ्यांच्या गावीही नाही. लोको पायलटची झोप मोडली तर धोका गाडीतल्या प्रत्येक प्रवाशाला आहे.

मालक ओरडतील, कारखाने बंद पडतील. आम्ही कारखाने बंद करा म्हणत नाही. २००२ साली डिझेल जनरेटरला आवाजाची मर्यादा आणि बंदिस्त पेटी सक्तीची झाली. म्हणून काही धंदे बुडाले नाहीत. यंत्राखाली रबरी पॅड, बंदिस्त खोली, वेळेवर दुरुस्ती, हा खर्च मालकाने करावा. त्यात आतल्या कामगाराचेही कान वाचतील. यार्ड आणि शेडला खेटून आमच्या वसाहती आहेत. तेव्हा हा न्याय सरकारी मालकालाही लागू झाला पाहिजे.

आमची मागणी स्पष्ट आहे: जिथे माणसे राहतात तो भाग निवासी धरा. १० डेसिबलची सूट रद्द करा. मोजणी घराच्या खिडकीशी करा. रनिंग रूम आणि रात्रपाळीच्या कामगारांच्या वसाहतींना दिवसाही शांतता द्या.

प्रत्येक शाखेने सभेत ठराव करून तो महापालिका व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवावा. आठ तासांच्या कामाचा हक्क आपण लढून मिळवला. आठ तासांची झोपही कोणी दान म्हणून देणार नाही!