आधी रस्ता ठरवा, मग सहल

हिवाळ्यात मुलांना सायकल सहलीचे वेध लागतात. यवतमाळच्या मुलांच्या तोंडी पहिले नाव येते कळंबचे. नागपूर मार्गाने सुमारे 23 किलोमीटर, रुंद रस्ता आणि जाताना बराचसा उतार. पण आपले शहर उंचावर आहे. सकाळचा उतार परतताना चढ होतो, तोही उन्हात. ताशी 12 किलोमीटरच्या वेगाने जाऊन-येऊन जवळजवळ चार तास लागतात. विश्रांतीचा वेळ वेगळा. त्यात हंगामात कापसाने भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर याच रस्त्याने धावतात.

असा रस्ता निवडला की गिअरच्या सायकलीवाली मोठी मुलेच जातात. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकल मिळते. ती साधी असते. तिच्यावर हा चढ चढणे कठीण, आणि महामार्गाचे नाव ऐकूनच अम्मी परवानगी देत नाहीत. भाऊ जातो, बहीण घरी राहते.

म्हणून रस्ता ठरवताना गटातल्या सर्वांत हळू चालवणाऱ्याचा विचार आधी करावा. पहिली सहल जाऊन-येऊन 12 ते 15 किलोमीटरची पुरे. निळोणा धरण शहराजवळच आहे. चढ शक्यतो जाताना यावा, म्हणजे थकल्यावर उतार मिळतो.

दोन दिवस आधी एखाद्या वडीलधाऱ्याने त्याच वेळी मोटारसायकलने रस्ता पाहून यावा. पिण्याचे पाणी, मुलींसाठी स्वच्छतागृह, पंक्चरचे दुकान आणि थांबायला सावली कुठे आहे, ते लिहून घ्यावे. शेतातल्या पांदणीने अंतर वाचते, पण बाभळीचे काटे ट्यूब फोडतात. तिकडे वळू नये.

फजरनंतर लगेच नव्हे, पुरते उजाडल्यावर निघावे. जुम्याचा दिवस असेल तर अकरापर्यंत घरी पोहोचता येईल असे बघावे. पुढे एक जाणता, मागे एक जाणता. मुली असतील तर सोबत एखादी आपा किंवा खाला हवी. सर्वांनी डावीकडून, एकामागे एक चालवावे. हवा भरायचा पंप एकाजवळ तरी असावा.

रस्ता, थांबे आणि परतीची वेळ कागदावर लिहून प्रत्येक घरी द्यावी. मुले नेमकी कुठे असतील हे कळले की बहुतेक अम्मींची काळजी निम्मी होते. मग मुलीलाही हो म्हणणे त्यांना सोपे जाते.