कढईचा खाऊ कीं भट्टीचा?

वैद्यानें अगर डॉक्टरानें "तेल-तूप कमी करा" असें सांगितलें, कीं शेतकऱ्याच्या घरांत त्याचा अर्थ बहुधा असा घेतला जातो कीं, आतां जन्मभर अळणी वरणभात खाऊन दिवस काढावयाचे. जेवणांतील तेल कमी करण्यास घरचीं माणसें तयार असतात. भाजीला फोडणी थोडी दिली, भाकरीवरचें लोणी वगळलें, कीं पथ्य झालें असें वाटतें. परंतु खरी अडचण जेवणांत नाहीं. ती दोन जेवणांच्या मध्यें आहे. दुपारच्या चहाबरोबर, आठवडेबाजाराच्या दिवशीं, पाहुणा आला असतां, किंवा रात्रीं पाण्याची पाळी धरून बांधावर बसलें असतां तोंडांत टाकावयास कांहीं तरी चमचमीत लागतें. आणि तेव्हां शेव, फरसाण, भजीं, वडा यांखेरीज दुसरें कांहीं सुचत नाहीं. पथ्य मोडतें तें येथें. म्हणून कमी स्निग्ध आहार पाळणाऱ्यानें रुचकर खाऊ कोणता खावा, हा प्रश्न क्षुल्लक समजून सोडून देण्यासारखा नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, या प्रश्नाचें उत्तर शहरांतील दुकानांत मिळणाऱ्या महागड्या पुड्यांत नसून आपल्याच ज्वारी-हरभऱ्याच्या शेतांत आहे; आणि तें आपण आपल्याच हातानें घालवीत आहों.

प्रथम हिशेब पाहूं. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून शरीरास ९ उष्मांक मिळतात. तितक्याच पिष्टापासून अगर प्रथिनापासून ४ मिळतात. शेव-फरसाण यांच्या वजनाचा सुमारें तिसरा हिस्सा, पुष्कळदां त्याहूनहि अधिक, तेलच असतें. जो मनुष्य चहाबरोबर रोज ५० ग्रॅम फरसाण खातो, त्याच्या पोटांत त्यांतून रोज सुमारें १७ ग्रॅम तेल जातें. महिन्याकाठीं हें तेल अर्धा किलो भरतें, आणि पांच माणसांच्या घरांत अडीच किलो! दिवसाच्या एकंदर उष्मांकांपैकीं शेंकडा ३० हून अधिक उष्मांक स्निग्धांशापासून येऊं नयेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. २,००० उष्मांकांच्या आहारांत हें प्रमाण ६६ ग्रॅमांच्या आसपास पडतें. त्याचा चौथा हिस्सा एका मूठभर फरसाणानेंच संपला, तर भाजी, आमटी, दूध व तूप यांस काय उरणार? आणि ज्यास याहूनहि कमी तेल सांगितलेलें असेल, त्यानें तर हिशेब न केलेलाच बरा.

आतां उलट बाजू पाहावी. ज्वारीच्या दाण्यांत स्निग्धांश शेंकडा दोनाच्या आंत असतो. पोह्यांत तो शेंकडा एकाच्या आसपास असून कुरमुऱ्यांत जवळजवळ नसतोच. फुटाण्यांत शेंकडा ५ ते ६ असतो, परंतु त्यांत शेंकडा २० हून अधिक प्रथिन असल्यामुळें मूठभर फुटाण्यांनीं भूक चांगली भागते. याच्या उलट शेंगदाण्यांत स्निग्धांश शेंकडा ४०, तिळांत त्याहून कांहींसा अधिक आणि सुक्या खोबऱ्यांत शेंकडा ६० हून अधिक असतो. म्हणजे धान्य व कडधान्य हीं मुळांतच कमी तेलाचीं आहेत. त्यांचें जड खाद्य होतें तें कढईंत गेल्यावर.

कोणी म्हणेल, आमचे वाडवडील भजीं-वडे खातच होते, त्यांस कांहीं झालें नाहीं. वाडवडील तळण खात असत तें सणावारीं व लग्नकार्यांत. घाण्याचें तेल महाग पडे आणि डब्यांतून जपून काढलें जाई. शिवाय ते मोट हांकीत, नांगर धरीत, बाजारास पायीं जात. आज विहिरीवर विजेचा पंप आहे, नांगरटीस ट्रॅक्टर आहे, आणि बांधापर्यंत मोटारसायकल जाते. हें सुख मिळालें तें चांगलेंच झालें. परंतु श्रम निम्म्यावर आले आणि तळण रोजचें झालें, हा व्यवहार शरीराच्या वहींत तोट्याचाच लागावयाचा.

तळलेल्या पदार्थाची गोडी नाकारण्यांत अर्थ नाहीं. मात्र ती गोडी कशांत आहे हें समजून घेतलें पाहिजे. पदार्थ तापलेल्या तेलांत पडला कीं त्यांतील पाण्याची वाफ होऊन ती बाहेर जाते आणि तिच्या जागीं कांहीं तेल आंत शिरतें. कुरकुरीतपणा येतो तो पाणी गेल्यामुळें. तेल शिरल्यामुळें नव्हे. पाणी घालविण्याचें काम कोरडी उष्णताहि तितकेंच चांगलें करते. भडभुंज्याच्या भट्टींत तापलेली वाळू हेंच करते. ती दाण्यास सर्व बाजूंनीं सारखी आंच देते आणि चाळणींतून खालीं पडून जाते. दाण्यांत कांहीं ठेवीत नाहीं. लाहीची गोष्ट तर याहूनहि मौजेची आहे. दाण्याच्या आंतील ओलाव्याची वाफ होते, टणक दाणा ती कोंडून धरतो, आणि अखेर न धरवल्यामुळें फुटून उमलतो. भाजण्याचा खमंग वास हाहि तेलाचा नसून धान्याचा आहे. सारांश, जिभेला जें हवें असतें त्यांतील पुष्कळसें भट्टींत मिळतें. कढई त्यावर तेलाचा कर बसविते इतकेंच.

असा खाऊ आपणांकडे वर्षभर पुरेल इतका आहे. मार्गशीर्ष-पौषांत ज्वारीचा हुरडा येतो. गोवऱ्यांच्या आगटींत भाजलेलें कणीस हातावर चोळून खाल्लेले ते गरम, गोडसर दाणे ज्यानें चाखले, त्यास कमी तेलाचें पथ्य शिक्षा वाटणार नाहीं. हुरडा निर्दोष आहे. त्याचे सोबती मात्र तपासावे लागतात. दाण्याची चटणी, तीळ, खोबरें आणि अलीकडे शेव यांचे ढीग शेजारीं मांडले, तर पथ्य हुरड्यानें न मोडतां शेजाऱ्यांनीं मोडलें असें होतें. लसूण, मिरची व मीठ यांची कोरडी चटणी आणि वाटीभर घुसळलेलें ताक एवढें पुरे. हुरडा सरतो न सरतो तों हरभऱ्याचा हुळा येतो. पावसाळ्यांत मक्याचें कणीस निखाऱ्यावर भाजावें आणि त्यास लोण्याऐवजीं लिंबू-मीठ चोळावें. इतर दिवसांत फुटाणे, कुरमुरे व लाह्या आहेतच.

ज्वारीच्या लाह्या घरींहि होतात. दाणे कढत पाण्यांत थोडा वेळ ठेवून निथळावे, फडक्यांत बांधून रात्रभर दडपून ठेवावे, आणि दुसरे दिवशीं लोखंडी कढई चांगली तापवून थोडे थोडे टाकून फडक्याच्या बोळ्यानें हालवावे. पोह्यांचा चिवडा करावयाचा असल्यास पातळ पोहे उन्हांत वाळवून मंद आंचेवर कोरडेच भाजावे. पाव किलो पोह्यांस १० ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे, तेलाची फोडणी पुरते. तींत मोहरी, हिंग, हळद, मिरची व कढीपत्ता घालावा, आणि शेंगदाणे-खोबऱ्याऐवजीं ५० ग्रॅम डाळें टाकावें. या चिवड्यांत शेंकडा ५ च्या आसपास स्निग्धांश येतो. तळलेल्या चिवड्यांत तो कितीतरी पट असतो. कुरमुऱ्यांत कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू व फुटाणे घालून शेवेवांचून केलेली भेळ मुलांसहि आवडते.

भाजण्यानंतर उकडण्याचा मार्ग येतो. कोथिंबिरीच्या वड्या व अळूवड्या आपण आधीं उकडतों आणि मग तळतों. पहिल्या पायरीवरच थांबून वर चमचाभर फोडणी दिली, तर चव राहते आणि तेल वांचतें. हुलग्याचे शेंगोळे, मोड आलेल्या मटकीची उसळ, ज्वारीची आंबील, हुलग्याचें माडगें, उकडलेलें रताळें हीं सर्व याच वर्गांतील होत. नागपंचमीस तळूं नये, चिरूं नये, तवा ठेवूं नये, अशी चाल पुष्कळ घरांत अजून पाळतात. त्या दिवशीं पुरणाचीं दिंडें उकडतात आणि लाह्या खातात. एक दिवस तेलाची कढई न ठेवतांहि सण साजरा होतो हें ज्या घरास ठाऊक आहे, त्यास ती युक्ति इतर दिवसांस लावणें अवघड नाहीं.

येथें दोन-तीन इशारे देणें अवश्य आहे. कमी तेल म्हणजे निखालस तेल वर्ज्य नव्हे. कांहीं जीवनसत्त्वें शरीरांत शोषलीं जाण्यास स्निग्धांश लागतो, आणि वाढत्या मुलांस व गर्भवती स्त्रियांस मोठ्या माणसाचें पथ्य लावूं नये. मधुमेह्यानें कुरमुरे पोटभर खाऊं नयेत, कारण त्यांतील पिष्टाची रक्तांत लवकर साखर होते. त्यास फुटाणे व उसळ अधिक बरीं. रक्तदाब असणाऱ्यानें खारे फुटाणे सोडून सालीसकट बिनमिठाचे घ्यावे. आणि "कमी चरबीचें" असें छापलेली पुडी घेण्यापूर्वी तींत साखर व मीठ किती आहे हें वाचून पाहावें. एक चोर घालवून दुसरा घरांत घेण्यांत शहाणपण नाहीं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेंत तेल, साखर व मीठ हीं तिन्ही भरपूर असलेले तयार पदार्थ कमी करावे असेंच सांगितलें आहे.

आतां आमच्यावर येणाऱ्या मुख्य आक्षेपाकडे वळूं. भुईमूग, करडई, सोयाबीन लावणारे कित्येक शेतकरी हें मासिक वाचतात. ते विचारतील कीं, तेल कमी खा असें सांगून तुम्ही आमच्याच पोटावर पाय देतां काय? हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. परंतु देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येतें, आणि त्यांत मोठा वांटा पामतेलाचा असून तें मुख्यतः इंडोनेशिया व मलेशिया येथून येतें. स्वस्त फरसाण फार करून त्याच तेलांत तळलें जातें. म्हणजे फरसाणाची पुडी घेणारा शेतकरी आपल्या भुईमुगास गिऱ्हाईक देत नसून समुद्रापलीकडच्या बागाइतास देत आहे. घरच्या घाण्याचें तेल थोडें पण चांगलें खावें, आणि मधल्या वेळचा खाऊ ज्वारी-हरभऱ्याचा असावा, यांत आपल्या कोणत्याच पिकाचें नुकसान नाहीं. तळणीचें तेल पुनः पुनः तापविण्यावर २०१८ सालीं कायद्यानें मर्यादा घातली, आणि खाद्यतेलांतील घातक ट्रान्स स्निग्धांशाचें प्रमाण २०२२ पासून शेंकडा दोनांवर आणलें, हें स्तुत्य आहे. पण आठवडेबाजारांतील प्रत्येक कढईजवळ मापन घेऊन कोण उभा राहणार? तेथें आपलें रक्षण आपणच केलें पाहिजे.

खेदाची गोष्ट ही कीं, ज्या वेळीं या खाऊची गरज वाढली, नेमक्या त्याच वेळीं त्याचीं साधनें गांवांतून उठत आहेत. महाराष्ट्रांत ज्वारीखालील क्षेत्र पूर्वीच्या मानानें पुष्कळ घटलें आहे. पुष्कळ गांवांतील भडभुंज्याची भट्टी विझली, आणि तिच्या जागीं रंगीत पुड्यांच्या माळा लटकूं लागल्या. आपणच पिकविलेला हरभरा आपण क्विंटलाच्या भावानें विकतों, आणि तोच बेसन होऊन, तेल पिऊन, पुडींतून परत आला कीं कितीतरी पट दामानें घेतों. २०२३ हें साल आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळलें गेलें. त्या निमित्तानें ज्वारी-बाजरीचा गौरव सर्वत्र झाला. परंतु गौरवानें धान्य खपत नाहीं, तें खाल्ल्यानें खपतें.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक खातेदारानें रब्बींत चार-पांच गुंठे तरी घरच्या खाऊसाठीं राखावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें हुरड्यासाठीं 'फुले उत्तरा' व लाह्यांसाठीं 'फुले पंचमी' हे ज्वारीचे वाण दिले आहेत. त्यांचें बीं मिळवून लावून पाहावें. दुसरी, आपल्या मंडळानें गांवोगांवच्या सभासदांस मिळून एक भट्टी चालवितां येईल अशी व्यवस्था करावी. जेथें जुना भडभुंजा अजून आहे, तेथें नवें यंत्र न आणतां त्यासच काम द्यावें. त्याची विद्या आयती आहे. तिसरी सूचना सर्वांत स्वस्त आहे. मंडळाच्या सभांत व आपापल्या घरच्या कार्यांत फरसाणाच्या बशीऐवजीं फुटाणे, लाह्या व ताक ठेवावें. पाहुण्यापुढें फुटाणे ठेवणें हें दारिद्र्याचें लक्षण आहे, ही समजूत जोंपर्यंत आपण मोडीत नाहीं, तोंपर्यंत वैद्याचा उपदेश उंबऱ्याबाहेरच राहणार.

पथ्य टिकतें तें धाकानें नव्हे, चवीनें. ती चव ज्याच्या स्वतःच्या कणगींत भरलेली आहे, त्यानें ती दुकानांत शोधीत फिरावें हें शेतकरी म्हणविणाऱ्यास शोभत नाहीं. येत्या हंगामाचीं बीं-बियाणीं ठरवितांना सभासदांनीं मधल्या वेळच्या मुठीचाहि विचार करावा, एवढीच विनंति.