औषधाला कुलूप, बाळंतिणीला शिक्षा

आमच्या धर्मग्रामातील एका उत्साही तरुणाने मध्यंतरी मला एक कात्रण आणून दिले आणि ते चर्चच्या सूचनाफलकावर लावण्याची परवानगी मागितली. गर्भपातासाठी वापरल्या जाणाऱ्या दोन औषधांना अमेरिकेतील लुइझियाना राज्याने धोकादायक नियंत्रित औषधांच्या यादीत टाकले, अशी ती बातमी होती. खाली त्याने लाल शाईने लिहिले होते, ‘आपला विजय!’ मी परवानगी दिली नाही. कारण सांगितले, ते त्याला पटले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

गैरसमज नको म्हणून प्रारंभीच सांगतो. गर्भधारणेच्या क्षणापासून मानवी जीवन पवित्र आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण मी सेमिनरीत शिकलो, वेदीवरून शिकवत आलो आणि आजही तिच्यावर माझी श्रद्धा आहे. माझा वाद शिकवणीशी नाही. तो या कायद्याशी आणि त्यावर टाळ्या पिटणाऱ्या आपल्या भाबडेपणाशी आहे.

लुइझियाना आपल्याला अगदीच परके नाही. फ्रेंच व स्पॅनिश कॅथलिकांच्या सत्तेचा वारसा लाभलेल्या त्या राज्यात आजही जिल्ह्याला ‘पॅरिश’ म्हणतात, म्हणजे धर्मग्रामच! जून 2022 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’चा निवाडा रद्द ठरवला आणि तेथे गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. बलात्कारपीडितेलाही त्यातून सूट नाही. तेवढ्याने समाधान झाले नाही. मे 2024 मध्ये नवा कायदा संमत झाला व 1 ऑक्टोबर 2024 पासून तो अमलात आला. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही दोन औषधे गुंगी आणणाऱ्या, सवय लावणाऱ्या गोळ्यांच्या पंक्तीत जाऊन बसली. वास्तविक या दोहोंचे व्यसन कोणालाही लागत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती जवळ बाळगल्यास पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. स्वतःसाठी बाळगणाऱ्या गर्भवतीला शिक्षा नाही, पण तिला ती आणून देणारी व्यक्ती गुन्हेगार ठरते.

या विधेयकामागे एक खरीखुरी व्यथा होती, हे नाकारणे अन्यायाचे होईल. विधेयक मांडणाऱ्या आमदाराच्या बहिणीला 2022 मध्ये टेक्सासमध्ये तिच्या पतीनेच हे औषध पेयातून नकळत पाजले होते. असल्या दुष्टाव्याला शिक्षा हवीच. मूळ विधेयक त्यासाठीच होते. औषधांची यादी त्यात नंतर दुरुस्तीच्या रूपाने घातली गेली, आणि घोटाळा तिथे आहे.

मिसोप्रोस्टॉल हे मूळचे जठरातील व्रणावरचे औषध. 1988 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती त्याचसाठी. ते गर्भाशय आकुंचित करते, म्हणून गर्भपातासाठी वापरले जाते आणि त्याच गुणामुळे बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 मधील अंदाजानुसार प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाने जगात दरवर्षी सुमारे 70 हजार स्त्रिया दगावत होत्या. त्यावरचे पहिले औषध ऑक्सिटोसिन, पण ते थंड जागी ठेवावे लागते. दुसरे एक औषध उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रीला देता येत नाही, तिसरे दमा असलेलीला चालत नाही. मिसोप्रोस्टॉलची साधी गोळी कोणत्याही खोलीत टिकते आणि या दोघींनाही देता येते. म्हणूनच ती प्रसूतिकक्षातील हाताशी असलेल्या गाडीत ठेवलेली असे. कायदा आल्यावर ती कुलूपबंद कपाटात गेली. काही इस्पितळांतील कर्मचाऱ्यांनी, कपाट उघडून गोळी खाटेपर्यंत आणायला किती वेळ लागतो, याची रंगीत तालीम करून पाहिली. रक्त वाहत असताना अशी तालीम उपयोगी पडते की नाही, हे आपल्या आयाबहिणींना विचारा.

मी त्या तरुणाला विचारले, बाळ जन्मलेले आहे, आईच्या कुशीत आहे. आता हे कुलूप कोणत्या गर्भाचे रक्षण करते? ज्या स्त्रीचा गर्भ आपोआप पडला आहे, जी त्याच्यासाठी रडते आहे, तिलाही गर्भाशय मोकळे होण्यासाठी हीच गोळी लागते. औषधाच्या दुकानात तिच्याकडे संशयाने पाहिले जाते. ती कोणाचा खून करायला आली आहे?

बरे, ज्यांच्यासाठी कुलूप लावले त्या तरी थांबल्या का? अन्य राज्यांतील डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळ्या टपालाने येतच आहेत. जानेवारी 2025 मध्ये वेस्ट बॅटन रूज पॅरिशमध्ये न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरवर आरोप ठेवण्यात आले. न्यूयॉर्कच्या राज्यपालांनी तिला सोपवण्यास साफ नकार दिला. राज्ये भांडत राहतील. मधल्या मध्ये, घरी गुपचूप गोळी घेतलेली मुलगी रक्तस्राव वाढला तरी पोलिसांच्या धाकाने इस्पितळाची पायरी चढणार नाही. त्या भीतीने गर्भ वाचत नाही, आणि आईही जाते.

हे सारे दूरदेशी घडते, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली 894 उरल्या. 2001 मध्ये त्या 913 होत्या. संताप योग्यच होता. पण त्या संतापात औषध दुकानांवर धाडी पडल्या, नोंदवह्यांचा जाच वाढला आणि अनेक केमिस्टांनी या गोळ्या ठेवणेच सोडले. गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच घ्यायच्या असतात आणि सोनोग्राफीत लिंग कळते ते त्यानंतर कित्येक आठवड्यांनी! मुलींचे मारेकरी सोनोग्राफी यंत्रापाशी बसले होते, आपण दुकानाचे फळकूट ठोकत राहिलो.

पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर 2016 मध्ये गर्भपाताच्या पापाची क्षमा करण्याचा अधिकार जगातील प्रत्येक धर्मगुरूला कायमचा दिला. त्यांनी पाप लहान ठरवले नाही, दार रुंद केले. पापनिवेदनात काय ऐकले ते मी या जन्मी सांगणार नाही. एवढेच सांगतो, कायद्याच्या धाकाने माझ्यासमोर आजवर कोणी गुडघे टेकलेले नाहीत.

तो तरुण अजूनही माझ्यावर रुष्ट आहे. मी त्याला म्हटले, फलकावर जागा आहेच, तर आपल्या तालुक्याच्या इस्पितळातील रक्तदानाची सूचना लाव. त्याने अजून लावलेली नाही. कात्रण माझ्या खणात आहे.