फर्ग्युसन यांच्यानंतरची पडझड
मँचेस्टर युनायटेडला १३ लीग विजेतेपदे मिळवून देणारे सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन मे २०१३ मध्ये निवृत्त झाले आणि क्लबची घडी विस्कटली. सहा वर्षांच्या करारावर आणलेल्या डेव्हिड मोयेस यांना दहा महिन्यांच्या आतच नारळ देण्यात आला. लुई व्हान गाल, जोसे मोरिन्हो यांनी चषक मिळवले. लीगचे विजेतेपद मात्र हुलकावणीच देत राहिले. २०२४-२५ मध्ये तर संघ १५व्या स्थानावर घसरला.

दोष केवळ वारसदारांचा नव्हे. खेळाडूंची पारख असणारे फर्ग्युसन आणि व्यवहार सांभाळणारे मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल एकाच उन्हाळ्यात गेले. खुद्द फर्ग्युसन यांनाही पहिल्या लीग विजेतेपदासाठी १९८६ पासून १९९३ पर्यंत वाट पाहावी लागली होती. तेवढा धीर नंतर कोणाच्याच वाट्याला आला नाही.