हप्ता घ्या, आभार मानू नका

कळंबच्या आणि आसपासच्या गावांतल्या कष्टकरी बंधू-भगिनींनो,



वाडीत राबणारे, होडीवर जाणारे, रिसॉर्टमधल्या खोल्या आवरणारे, भल्या पहाटे फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या घेऊन नालासोपारा स्टेशन गाठणारे, वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत मशीनवर उभे राहणारे, अशा सगळ्यांसाठी हे पत्रक काढलं आहे. ते कुठल्याही पक्षाचं नाही. मत कोणाला द्यावं हे यात लिहिलेलं नाही, आणि विचारलंत तरी आम्ही सांगणार नाही. मत मागायला जो येतो त्याच्याशी बोलायचं कसं, एवढाच विषय आहे.

‘लाडकी बहीण’पासून सुरुवात करू, कारण घरोघरी तीच चर्चा असते. २८ जून २०२४ रोजी अर्थसंकल्पात ही योजना जाहीर झाली. बाईचं वय २१ ते ६५ आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर महिन्याला १,५०० रुपये. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली तेव्हा १,५०० चे २,१०० करण्याचं वचन मिळालं. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी ३६,००० कोटी ठेवले गेले, हप्ता मात्र १,५०० चाच राहिला. मग पडताळणी निघाली, सुमारे २६ लाख खात्यांवरचे हप्ते थांबले, पुरुषांनीही हप्ते उचलल्याचं उघड झालं आणि ई-केवायसीसाठी पळापळ सुरू झाली. निवडणुकीआधी अर्ज धडाधड मंजूर होत होते. छाननीची आठवण सगळ्यांना नंतर झाली.

या पैशांना नावं ठेवणाऱ्यांतले आम्ही नाही. नवऱ्यापुढे हात न पसरता बाईच्या स्वतःच्या खात्यात दर महिन्याला काही रक्कम येणं म्हणजे काय, हे ‘फुकट्या योजना’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना कळायचं नाही. तेव्हा हप्ता जरूर घ्या. फक्त तो आला कुठून, हे ध्यानात असू द्या. मोबाईलच्या रिचार्जवर आपण १८ टक्के जीएसटी भरतो, चपलेपासून औषधापर्यंत कर भरतच असतो. आपलेच पैसे फिरून आपल्याकडे येतात, वाटेत त्यांच्यावर कोणाचा तरी फोटो चिकटतो.

आता दुसरा हिशेब करा. ठेकेदाराने किमान वेतनापेक्षा रोजाला शंभर रुपये कमी दिले, तर सव्वीस हजेऱ्यांत २,६०० रुपये गेले. हप्ता आला १,५००. ज्या सरकारने हप्ता दिला त्याच सरकारच्या मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी कारखान्यांतल्या कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि वीस किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांत ९ वरून १० तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. आठवड्याचे ४८ तास तेच राहतील, जादा कामाचा दुप्पट मोबदला मिळेल, असं कागदावर आहे. गाळ्यातला सुपरवायझर ओव्हरटाइमची वही कशी भरतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. घर ते वसई पूर्व जाण्यायेण्याचा वेळ त्यात मिळवा आणि मुलांचं तोंड कधी पाहायचं ते ठरवा. हप्त्याचे फलक कोपऱ्याकोपऱ्यावर लागले. बारा तासांचा फलक कुठे दिसला का?

तरीही असं राजकारण आपल्याला भावतं, आणि ते उगाच भावत नाही. आपण एकटे दाखल्यासाठी गेलो तर ‘साहेब नाहीत’, ‘सर्व्हर डाऊन आहे’, ‘पुढच्या आठवड्यात या’. चार खेटे मारून चार दिवसांचा खाडा पडतो. तेच पुढाऱ्याच्या कार्यालयात गेलो तर खुर्ची मिळते, नावाने हाक मारतात, एक फोन होतो आणि संध्याकाळी दाखला हातात. माणसाला माणूस म्हणून वागवलं गेलं की ते तो विसरत नाही. म्हणून आपण त्या पुढाऱ्याला ‘आपला माणूस’ म्हणतो. पण जरा थांबून विचार करा. दाखल्याची सरकारी खिडकी सगळ्यांसाठी वेळेवर उघडू लागली, तर त्या फोनची किंमत काय उरेल? खिडकी बंद राहण्यातच ज्याचा मान आहे, तो ती उघडायला कशाला जाईल?

बांधकाम कामगारांना वाटल्या जाणाऱ्या भांड्यांच्या संचाचीही तीच गोष्ट. वसई-विरारमध्ये एवढे टॉवर उभे राहिले. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी लागू झाला आणि तो कल्याणकारी मंडळाकडे जमा होत आला. म्हणजे कुकर आणि कढई गवंड्याच्या, बिगाऱ्याच्या घामातूनच आली. वाटप होतं तेव्हा मात्र मांडव कोणाचा असतो, हार कोणाच्या गळ्यात पडतात आणि टाळ्या कोण वाजवतं, आठवून पाहा. त्याच मंडळाकडून मुलांच्या शिक्षणासाठी, आजारपणासाठी, अपघातासाठी मदत मिळते. तिच्यासाठी मांडव पडत नाही, कारण ती ज्याची त्याने अर्ज करून मागायची असते.

हक्क आणि भेट यांतला फरक आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १९४५ साली तलासरी-डहाणूकडचे वारली उठले. तेव्हा पालघर हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळं ठाण्यातच होतं. गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेचं काम घेऊन तिथे गेले. वेठ बंद, लग्नाच्या कर्जापायी लग्नगडी म्हणून जन्मभर राबणं बंद, आणि गवत कापणीला ठरलेली मजुरी, अशा सरळ मागण्या होत्या. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मारले गेले. लोक हटले नाहीत. सावकार-जमीनदारांच्या हाताखालची वेठ मोडली ती कोणाच्या मेहेरबानीने मोडली नाही.

दुसरं उदाहरण रोजगार हमीचं. १९७२ च्या दुष्काळाच्या काळातल्या अनुभवावर वि. स. पागे यांची ही योजना वाढली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेऊन गावातल्या मजुराला काम द्यायचं, आणि पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर भत्ता द्यायचा. मजुराने कोणाला ओवाळायची गरज नव्हती, अर्ज पुरे होता. अंमलबजावणीत भ्रष्टाचार झाला, हजेरीपटावर खोटी नावं चढली, तेही खरं. पण ‘काम द्या’ म्हणत तहसीलवर मोर्चा नेता येत होता, कारण पाठीशी कायदा होता. हप्ता बंद झाला तर आज मोर्चा कशाच्या आधाराने नेणार?

लोकांना आवडणारी प्रत्येक योजना वाईट, असंही नाही. तमिळनाडूत एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये शाळकरी मुलांच्या दुपारच्या जेवणाची योजना वाढवली तेव्हा मतांसाठीची खैरात म्हणून तिची टिंगल झाली होती. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण द्यायला सांगितलं आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ते आलं. आता कोणी मुख्यमंत्री रुसला म्हणून मुलांचं ताट काढून घेता येत नाही. आम्हाला योजनांकडून हेच हवं आहे.

आणखी एक सांगायचं आहे, ते कडू लागेल. रोज का वाढत नाही, असं विचारलं की आपल्याला नालासोपाऱ्याच्या नाक्यावर उभा असलेला बिहारी किंवा उत्तर प्रदेशचा बिगारी दाखवला जातो. कधी दुसऱ्या धर्माचा शेजारी दाखवला जातो. त्या बिगाऱ्याला आपल्याहून कमी पैसे कोण देतं? तोच मुकादम, जो आपल्यालाही कमी देतो. दोघांनाही कायद्याप्रमाणे रोज मिळाला तर स्वस्त माणूस शोधत फिरण्यात मुकादमाला फायदाच उरणार नाही. ही गोष्ट भाषणात सांगितली तर टाळ्या मिळत नाहीत, म्हणून कोणी सांगत नाही.

आणि घरं. नालासोपारा पूर्वेला आरक्षित जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. २६ ऑगस्ट २०२५ च्या रात्री विरारमध्ये रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जण गेले. त्या इमारती उभ्या राहताना सगळ्यांना दिसत होत्या. तिथे खोली घेणारे सगळे आपल्यासारखेच. ‘एकाही घराला हात लावू देणार नाही’ असं व्यासपीठावरून सांगणाऱ्याला पुढच्या वेळी एवढंच म्हणा : लिहून द्या, आणि बांधकाम परवानगीची प्रत दाखवा.

तर आमची विनंती अशी. प्रचाराला कोणीही आला, तरी औक्षणाचं ताट घरातच राहू द्या. चहा पाजा, पाहुणा आहे. मग विचारा की गाळ्यांत किमान वेतन मिळतं का, याची शेवटची तपासणी कधी झाली. बारा तासांच्या निर्णयावर तुम्ही काय बोललात, कुठे बोललात? एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलंत, पण वसईतले शहरी मार्ग एसटीने सोडले, मग आमच्या बायकांनी अर्ध्या तिकिटात बसायचं कशात? उत्तर गोलमोल आलं तर रागावू नका, तोच प्रश्न पुन्हा विचारा.

दरम्यान आपल्या हातातलं आपण करू. पगाराची पावती मागा. पीएफ कापतात पण भरतात का, ते मोबाईलवर पाहता येतं, नसेल जमत तर शेजारच्या कॉलेजातल्या पोराला सांगा. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलं असेल तर मंडळात नोंदणी करा, दलालाला पैसे देऊ नका.

या पत्रकाची मागची बाजू कोरी ठेवली आहे. तिच्यावर कामाचं ठिकाण, मिळणारा रोज, कामाचे तास आणि ओव्हरटाइम मिळतो की नाही, एवढं लिहा आणि आपापल्या आळीतल्या, पाड्यातल्या बैठकीला येताना बरोबर आणा. स्वतःचं नाव लिहायची भीती वाटत असेल तर लिहू नका. आकडे मात्र खरे लिहा.

आपले,
कळंबमधले काही कष्टकरी रहिवासी