भारमान आणि पट

प्रति,
मा. शिक्षण आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : समूह शाळेचा पूर्ण हिशोब ग्रामसभेपुढे मांडण्याबाबत

महोदय,



मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत राहतो. एकतीस वर्षं गाडीवर कंडक्टर होतो. रात्री वेबिलाचा आणि रोकडीचा मेळ बसला नाही, तर तूट आमच्या खिशातून भरावी लागे. त्यामुळे जमाखर्च जुळल्याशिवाय झोप यायची नाही. निवृत्तीनंतरही ती खोड गेली नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या वाडीच्या शाळेत पहिली ते पाचवी मिळून अकरा मुलं आहेत. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवणारं आपल्या कार्यालयाचं पत्र २१ सप्टेंबर २०२३ ला निघालं. तेव्हापासून देवळाच्या सभामंडपात चार माणसं बसली की हा विषय निघतोच. त्या वेळी वर्तमानपत्रांत आकडे आले होते : वीसपर्यंत पटाच्या शाळा १४,७८३, विद्यार्थी १,८५,४६७, शिक्षक २९,७०७. मी कागद घेऊन भागाकार केला. शाळेमागे साडेबारा मुलं, शिक्षकामागे सहा. हे कसं परवडणार, असं शहरातला करदाता विचारेल आणि त्याचं काही चुकत नाही. करदाता मीही आहे. घरपट्टी मार्चच्या आत भरतो, आणि साबणाच्या वडीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत कर न देता माझ्या घरात काही येत नाही. म्हणूनच विचारतो, या योजनेत वाचतं ते नेमकं काय?

शाळेचा मोठा खर्च पगाराचा. खडू आणि वीजबिल त्यापुढे किरकोळ. शिक्षण हक्क कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, त्यापुढे साधारण तीस मुलांमागे एक असा हिशोब आहे. ही सगळी मुलं तीस-तीसच्या वर्गांत बसवली, तर सहा हजारांच्या आसपास शिक्षक पुरतील. मग उरलेल्या तेवीस हजारांचं काय? त्यांचं दुसरीकडे समायोजन होणार असेल, तर त्यांचा पगार चालूच राहणार आणि त्या खात्यात बचत शून्य. त्यांच्या जागा पुढे भरायच्याच नसतील, तर तसं सरळ सांगा. 'गुणवत्तेसाठी' या शब्दाआड पदकपात ठेवू नका.

दुसऱ्या बाजूला खर्च वाढतो. नव्या खोल्या, गाड्या, डिझेल, चालक, मदतनीस, आणि हे सगळं दरवर्षी. गाडीचा खर्च मला कोणी शिकवायला नको. टायर, ब्रेक, पासिंग, विमा यांची बिलं फीत कापल्यावर यायला लागतात आणि थांबत नाहीत. दोन वर्षांनी निधी आला नाही की सगळ्यात आधी गाडी उभी राहते. तेव्हा जुनी शाळा उघडायला कोण येणार? आपल्या कार्यालयाच्या त्या पत्रात नंदुरबारच्या तोरणमाळचा आणि पुण्याच्या पानशेतचा दाखला होता. तोरणमाळची शाळा निवासी आहे. सातपुड्याच्या विखुरलेल्या पाड्यांसाठी ती सोय असेल. पण सहा वर्षांच्या पोराला रात्री आईजवळून उचलून वसतिगृहात निजवणं हा साऱ्या महाराष्ट्राचा नमुना होऊ शकत नाही.

आमची मुलं ज्या शाळेत जाणार असं बोललं जातंय, तिथवर मी चालून पाहिलं. बरोबर शेजारची पहिलीतली पोर घेतली. अंतर पावणेतीन किलोमीटर. पहिली ते पाचवीच्या मुलांना एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलांना तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी, असं राज्याचेच नियम सांगतात. पोर विजेचे खांब मोजत निघाली. वीसपर्यंत नीट मोजले, मग चुकली, मग पुन्हा एकपासून सुरू केलं. तीनदा बसली. पोचायला पंचावन्न मिनिटं लागली, आणि तो मे महिना होता. वाटेत पऱ्या आहे, त्यावर दोन पोफळी टाकून केलेला साकव. आषाढात पाणी साकवावरून जातं. तेव्हा डांबरी रस्त्याने वळसा घालावा लागतो आणि अंतर दुपटीच्या वर जातं. रिक्षावाल्याला विचारलं, तर महिन्याला मुलामागे बाराशे म्हणाला. सरकारी वाहतूक भत्ता मिळाला तरी त्यात एवढं भागणार नाही. पाचवीपासूनच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा एसटीचा मोफत पास आहे. पण पहिलीतली मुलगी एकटी गाडीत चढत नाही. तिच्याबरोबर आई जाणार, म्हणजे आईची त्या दिवसाची मजुरी बुडणार. खर्च कमी झाला असं आपण लिहाल. खरं म्हणजे तो आपल्या वहीतून पुसून आमच्या वहीत लिहिला जाईल.

आमच्या धंद्यात भारमान नावाचा एक शब्द आहे. फेरीत किती जागा भरल्या, त्याची टक्केवारी. भारमान कमी म्हणून आधी दुपारची फेरी बंद व्हायची. मग सकाळी बाजाराला गेलेल्या माणसाला परतायला गाडी नसायची, म्हणून तो सकाळीही यायचा नाही. वर्षभरात सकाळच्या फेरीचं भारमान उतरायचं आणि तीही बंद. कागद प्रत्येक वेळी बरोबर असायचा. शाळेचा पट हे शाळेचं भारमान आहे. तो का उतरला हे न विचारता फेरी तोडली, की पुढच्या फेरीची पाळी ठरलेलीच.

तो का उतरला, यात माझाही हात आहे. माझा नातू वाडीच्या शाळेत जात नाही. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस फाट्यावर येते, तो तीत बसतो. सुनेशी वाद घातला, पण हरलो. तिचं म्हणणं असं की शिक्षक दोन असले तरी एक मीटिंगला, दुसरा मतदारयाद्यांच्या कामाला. आणि दुसरीच्या वर्गात सध्या एकच मुलगा आहे. त्याचा पहिला नंबर तोच आणि शेवटचाही तोच. मुलाला मुलं लागतात, हे मला मान्य आहे. सगळं आहे तसंच ठेवा, असं मी म्हणत नाही.

पण त्यावर वाट आपल्याच कागदांत आहे. शाळा संकुलाची कल्पना कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये मांडली आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती पुन्हा पुढे आणली. जवळपासच्या शाळांनी शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय, मैदान वाटून वापरावं, हा तिचा गाभा. मग आठवड्यातले दोन दिवस सगळ्या वाड्यांची मुलं केंद्रशाळेत एकत्र आणा. इंग्रजी, चित्रकला, खेळ यांचे शिक्षक वाड्यांवर फिरते ठेवा. अकरा मुलांना हलवण्यापेक्षा एक मास्तर मोटारसायकलवर फिरवणं स्वस्त पडतं की नाही, एवढं एकदा मांडून बघा.

आमची शाळा सरकारने एकट्याने बांधलेली नाही. दोन गुंठे जागा माझ्या चुलत्याची. चिरा आणला तो परळ-लालबागच्या गिरण्यांत राबणाऱ्या आमच्या मुंबईकर मंडळाने. मंडळाची जुनी वही माझ्याकडे आहे. कुणाच्या नावापुढे पाच रुपये, कुणाच्या दोनशे कौलं, आणि ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याच्यापुढे 'अंगमेहनत, दिवस आठ'. शाळा बंद झाली, तर ही रक्कम कुठल्या खात्यात जमा धरणार? जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच गाऱ्हाणं मांडलं होतं : तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामातून, आणि त्याच्या पोरांच्या प्राथमिक शिक्षणाच्या वाट्याला येतं ते उरलंसुरलं. आज पाट्या बदलल्या, प्रश्न जागेवरच आहे.

म्हणून मागणी एवढीच. निर्णयाआधी प्रत्येक शाळेचा दहा वर्षांचा जमाखर्च एका कागदावर द्या. त्यात पगार, बांधकाम, गाडी आणि तिचा चालू खर्च येऊ द्या, आणि पालकांच्या खिशातून जाणारे पैसेही धरा. तो कागद शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्यात, असं कायदा म्हणतो. सहीपुरतं बोलावण्याऐवजी त्या बायांना बोलू द्या. जिथे शाळा आधीच एकत्र केल्या असतील, तिथे जुन्या पटावरचं एकेक नाव आज कुठल्या वर्गात आहे, तेही जाहीर करा. आकडे जुळले, तर शाळेची चावी मी स्वतः आणून देईन.

हे समजावून सांगायला कोणाला पाठवणार असाल, तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला पाठवा. मे महिन्यात नको. ऑगस्टमध्ये पऱ्या भरून वाहत असतो. साहेबांनी गाडी फाट्यावर ठेवून तेवढं शेवटचं अंतर आमच्या पोरांबरोबर चालावं.

आपला,
वाडीतला एक घरपट्टीदार